पान बघितलं, माशी न्हाय बघितली

मालक गेल्यावर बावडा गावच्या ह्या तुकड्यात दोडक्याच्या मांडवाचं खांब मी एकटीनं रवलं. पुरानं एकदा सगळा मांडव आडवा केला, परत उभा केला. रडायला सवड कुठली? ह्याच दोडक्यावर घर चाललंय. शाळा माझी दुसरीपतूर. पन माशी वळखायला शाळा लागत न्हाय.

औंदा पावसाळ्यात पहिल्याच तोड्याला दोडकी वाकडी निघाली. मोडून बघितलं तर आत अळ्या. मी सुनंला म्हनलं, "ही येलावरली माशी. दिस कलला की कडंच्या मक्यात जाऊन बसती."

"आत्ती, आता फोटो पाठवायचा असतो. शेतीच्या ग्रूपवर एक सायेब हायत, ते माशीची जात सांगत्यात. जात कळली की तसल्या वासाचा सापळा टांगायचा."

"म्हंजे माझ्या तोंडापरीस फोटो खरा व्हय?"

"तसं कुठं म्हनलं मी? पन तुमच्या तोंडाला भुलून माशी येती व्हय सापळ्यात?"

हसू आलं, मी गप बसले. तितंच चुकलं माझं.

सुनंनं पेला पालथा घालून दोडक्यावरची एक माशी धरली. तासाभरात ती मेली. आता परक्या मानसाला दाखवायची चीज, मातीत कशी ठेवायची? आमच्यात कुनाम्होरं काय ठेवायचं तर पानावर ठेवत्यात. पोरीनं बांधावरच्या आंब्याचं पान तोडलं, धुतलं, पदरानं पुसलं, त्येच्यावर माशी ठेवली आन् काढला फोटो. माझ्या डोळ्यादेखत. मला वाटलं, नीटनेटकी हाय पोरगी.

सायबाचं उत्तर चहा उकळायच्या आत आलं. "आंब्यावरची फळमाशी. आंब्याचा सापळा लावा."

लावला. बारा दिस रोज सकाळी डबा उघडून बघायची. काळ्या पाठीच्या चार-दोन माशा, बांधावरच्या आंब्याकडनं आलेल्या. आन् हिकडं दोडकी कुजून पटापटा गळाय लागली. अवो, पावसाळ्यात आंब्याला फळ तरी हाय का? माशी बारकी, दिसली नसंल एकवेळ. पन दिस कुठलं चालल्यात ते तर दिसतंय की! "कशावर घावली, बाई?" येवढं एक इचारलं असतं तर काय बोटं झिजली असती?

तेराव्या दिशी मी सुनंचा हात धरला आन् तिन्हीसांजंच्या आत मक्यात नेलं. "हितं काढ. बसलीया तशीच काढ. हात लावू नगंस, पान आनू नगंस."

तिनं फोटो बोटानं मोठा करून दावला. जल्मभर जिच्याशी भांडले तिची पाठ मी तवा पयल्यांदा बघितली. मधोमध पिवळी रेघ, पंखाच्या टोकाला काळपट ठिपका. डब्यातल्या माशीला त्यातलं काय बी न्हवतं.

उत्तर आलं, "ही वेलावरची फळमाशी. आधीच्या फोटोमुळं दिशाभूल झाली."

दिशाभूल! म्हंजे आमीच केली! सून रडकुंडीला आली, "आत्ती, माझ्यामुळंच झालं की वो."

"गप. तू पान ठेवलंस, डोळं कुनाचं झाकलं न्हाईस. फोन धर हिकडं."

बटन दाबून तिनं फोन माझ्या तोंडाम्होरं धरला. मी म्हनलं, "पावणं, माझ्या सुनंनं तुमचा मान राखून माशी पानावर वाढली. तुमी पान बघितलं, माशी न्हाय बघितली. कळत न्हवतं तर कळत न्हाय म्हना. आमी दुसरा फोटो काढला असता."

त्यावर जोडलेल्या हाताचं चित्र आलं. बाकी अक्षर न्हाय.

दुसऱ्या वासाचा सापळा टांगल्यावर दोन दिसात डब्याचा तळ माशांनी झाकला. वरची कवळी दोडकी वाचतील. खालची सगळी खड्डा काढून पुरली, मी आन् सुनंनं, पाट्यावर पाट्या. माती लोटताना सून म्हनली, "हात जोडलं की वो त्येंनी."

"जोडू देत," मी म्हनलं. "तू माती लोट."