बंद पडायच्या आधी या!

गॅरेजमध्ये दोन गोष्टी साठतात, भंगार आणि किस्से. भंगाराचं बरं असतं. महिन्याला टेम्पोवाला येतो, झिजलेल्या प्लेटा, फाटके पाइप भरून नेतो आणि आमच्या जालन्यातल्याच कुठल्यातरी भट्टीत त्यांची सळई होते. किस्से मात्र कुणी वजनावर घेत नाही! ते माझ्याकडेच पडून राहतात. म्हटलं, आज थोडी जागा करावी.

अंबड रोडला माझं गॅरेज आहे. मी आणि माझ्याहून जुने मिस्त्री रशीदभाई, असा आमचा वीस-बावीस वर्षांचा संसार. दारावर मी एक बोर्ड लावलाय, ‘गाडी बंद पडायच्या आधी या.’ बोर्ड गिऱ्हाइकांना फार आवडतो. गाडी दोर बांधून ओढत आणली, की सगळे तो मोठ्यानं वाचतात.

यात माझा स्वार्थ आहे, असं लोक म्हणतात. आहेच! माझी आई तीर्थपुरीला तिच्या भावाकडे, बन्सीमामाकडे राहते. जालन्यात तिला करमत नाही. दर महिन्याला ती मामाच्या जुन्या व्हॅनमधून जांबला रामाच्या दर्शनाला जाते आणि मामा या बोर्डाचा एक नंबरचा शत्रू. ती दोघं निघाली, की माझं कामात लक्ष लागत नाही. भीती वाटते, सरळ सांगतो. ‘पोचलो’ असा फोन येईपर्यंत मी एकच नट दहादा आवळतो. पण मामाकडे नंतर येऊ. आधी बाकीचे मानकरी.

*

जुन्या जालन्यात कापडाचं मोठं दुकान असलेले एक शेठजी आहेत. शांत, हिशेबी माणूस. त्यांच्या गाडीचा टायमिंग बेल्ट बघितला, तर चिरा पडलेल्या.

“शेठजी, हा बदलून टाकू. तुटला तर इंजिनच बसेल.”

“तुटेल का पण?”

“तुटेल.”

“पक्का?”

“पक्का.”

शेठजींनी खिशातून छोटी डायरी काढली, पेन उघडलं आणि म्हणाले, “तारीख सांगून ठेवा. आदल्या रोजी बराबर आणून उभी करतो!”

*

आमच्याकडे एक पाटील येतात. त्यांच्या गाडीची बॅटरी तीन वर्षांपूर्वीच वारली, पण पाटलांना ते मान्य नाही. त्यांचं म्हणणं, “उतार असला की एका धक्क्यात सुरू व्हती. मंग बॅटरीचा खर्चा कशाला?”

म्हणून त्यांनी घरापुढं मुरूम टाकून उतार करून घेतला. त्यावर फरशी बसवली. वर पत्र्याचं शेड मारलं. एवढ्यात चार बॅटऱ्या आल्या असत्या, हे मी बोललो नाही. त्यांना आता प्रत्येक गावाचा उतार पाठ आहे. कुठल्या गावात देवळामागं लावायची, कुठं शाळेच्या गेटाजवळ, सगळं तोंडपाठ!

दिवाळीनंतर सहज विचारलं, “लेकीकडं जाऊन आलात का?”

पाटलांचा चेहरा पडला. “दोन वर्षं झाली, गेलोच न्हाई बगा.”

मला वाटलं, काहीतरी बिनसलं. हळूच विचारलं, “का हो? जावयाशी काही?”

“जावई सोन्यासारखा हाय हो. पण त्याचं गाव लई सपाट हाय!”

*

मोसंबीचे एक व्यापारी. त्यांचं मात्र कौतुक करायला हवं. म्हणालो, “क्लच प्लेट संपत आली,” तर म्हणाले, “टाका नवी.” एका शब्दात! रशीदभाईंनी त्या दिवशी खास मलईवाला चहा मागवला.

सहा महिन्यांनी व्यापारी तावातावानं आले. हातात हेल्मेट असतं तर आपटलं असतं.

“तुम्ही फशिवलं मला!”

“काय झालं? गाडी बंद पडली का?”

“न्हाई ना! तेच तर म्हणून राह्यलो! सहा महिने झाले, पुण्याला गेल्तो, नागपूरला जाऊन आल्तो, एकदा म्हणून बंद पडली न्हाई. मंग बदलली कशाला?”

मी समजावून बघितलं. बदलली म्हणूनच पडली नाही. त्यांना ते बिलकुल पटलं नाही. एकदा तरी रस्त्यात बंद पडली असती, चार लोकांनी ढकलली असती, तर पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं असतं.

शेवटी रशीदभाई गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि अदबीनं म्हणाले, “माफ करा शेठ, गलती झाली. पुढच्या टायमाला आधी रस्त्यात पाडतो, मंग बदलतो.”

व्यापारी समाधानानं गेले!

*

आता एक माझ्यावरचा. नाहीतर म्हणाल, स्वतःचं झाकून ठेवतो.

गॅरेजच्या शटरची स्प्रिंग वर्षभर कुरकुरत होती. रशीदभाई रोज सांगायचे आणि मी रोज म्हणायचो, “बघू, पुढच्या आठवड्यात.” एका सोमवारी सकाळी शटर गुडघ्याएवढं उठलं आणि तिथंच अडकलं. आत दोन गाड्या आणि सगळी हत्यारं, बाहेर आम्ही. गिऱ्हाइकांची रांग लागली. त्यात शेठजीही होते. त्यांनी शटर बघितलं, वरचा बोर्ड बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

“तुम्हालाबी तारीख कोणी सांगितली न्हाई वाटतं!”

मी पोटावर सरपटत आत गेलो. 

*

इकडं एक रीत आहे. पार्ट बदलला, की जुना परत मागायचा. खरंच बदलला का, याची खात्री. तिथवर ठीक. पण एक वकीलसाहेब आहेत, ते तो पार्ट डिकीत ठेवतात. “अडीअडचणीला असू द्या.”

मागच्या वर्षी तक्रार घेऊन आले. “गाडी मागून बसून राह्यली. स्पीडब्रेकरला घासती.”

डिकी उघडली. आत नऊ वर्षांचा संसार! दोन बॅटऱ्या, तीन क्लच प्लेटा, एक सायलेन्सर, रेडिएटर, आणि एक पंप तर आमच्यापैकी कुणाला ओळखताही आला नाही. वजनानं मागच्या दोन्ही स्प्रिंगा गेल्या होत्या.

“साहेब, यातलं एकही चालत नाही.”

“माहीत हाय. पण टाकवत न्हाई.”

दोन तास घालवून नव्या स्प्रिंगा बसवल्या. गाडी ताठ उभी राहिली. साहेब खूश! गाडीत बसता बसता थांबले, खाली उतरले आणि फरशीवर पडलेल्या जुन्या स्प्रिंगांकडं बोट दाखवून रशीदभाईंना म्हणाले, “त्या तेवढ्या मागं टाका.”

*

आता बन्सीमामा.

मामाच्या व्हॅनचे ब्रेकपॅड संपलेत, हे मी वर्षभर सांगत होतो. ब्रेक दाबला की कर्रर्र असा आवाज यायचा, अंगावर काटा येईल असा.

“मामा, ब्रेक लागत नाहीत.”

“लागतेत की! जरा आदी दाबायचे. मला सवय झाली आता.”

“अचानक म्हैस आडवी आली तर?”

“आमच्याकडच्या म्हशींला आवाज माहीत हाय.”

पण आई त्या गाडीत बसते ना! रामनवमी जवळ आली, जांबला जायचं ठरलं, तेव्हा मात्र माझा धीर सुटला. एका रविवारी न सांगता तीर्थपुरीला गेलो. चांगले कंपनीचे पॅड, जॅक, पाने सगळं घेऊन. अंगणात मांडी घातली आणि स्वतःच्या हातानं बसवले. जुने तिथंच भिंतीकडेला टाकले.

आई बाजेवर बसून सगळं बघत होती. नव्या पॅडचा खोका तिनं हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

“हे तू आणले व्हय रे? मामाकडून पैसे न्हाई घेतले?”

“तुझ्यासाठी आणले आई. त्याच्यासाठी नाही.”

तिनं पदरानं डोळे टिपले आणि चहा टाकायला उठली.

रामनवमीला ती दोघं जांबला गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी फोनची वाट बघितली नाही. दुपारी जेवून चक्क गॅरेजात झोपलो. रशीदभाईंनी दोनदा येऊन बघितलं, तब्येत बरी आहे ना म्हणून.

पुढच्या आठवड्यात मामा आईला घेऊन जालन्याला आला, डोळे तपासायला. सकाळी दहाची वेळ. मी दारातच उभा होतो. व्हॅन दिसायच्या आधी आवाज आला.

कर्रर्र!

रशीदभाईंनी चाक खोललं. आत बघितलं. माझ्याकडं बघितलं.

“भाई, हे तर जुनेच हायेत.”

पॅड झिजून पार लोखंड उघडं पडलेलं. याच ब्रेकांवर ती दोघं जांबला गेली होती. रामनवमीच्या त्या गर्दीतून. आणि मी इकडं घोरत होतो! असा संताप आला, की मामाचं वय विसरलो.

“मामा! नवे कुठंयत? विकले का?”

मामा माझ्याकडं बघेचना. त्यानं मान खाली घातली आणि हळूच मागच्या सीटकडं बघितलं.

आई मांडीवर पिशवी घेऊन आत बसली होती.

“त्याला कशाला बोलतो? मीच काढाय लावले, तू गेल्यावर लगीच, गावातल्या मिस्त्रीकडून. माझ्या पेटीत ठेवलेत, फडक्यात बांधून. तू एवढ्या जिवानं आणले, ते काय रोज रोज झिजवायचे व्हय?”