मालोजीची हाक

मालोजीच्या पणजोबांनी होळकरांच्या फौजेत तलवार चालवली, असं घरातले छाती फुगवून सांगत. मालोजीच्या वाट्याला मात्र इंदूरच्या मिलमधला कापड विणायचा साचा आला. मिलचा भोंगा कायमचा थांबला तेव्हा तो रडला नाही की भांडला नाही. रिकामा डबा घेऊन निघाला तो थेट हातोदजवळ धाकट्या भावाकडे, संताजीकडे. संताजीनं बापाची मेंढरं सोडली नव्हती. दोघं मिळून ती टेकडीवर चारू लागले.

मेंढरं बोलवायची बापाची हाक मालोजीच्या गळ्यात हुबेहूब उतरली होती. त्या हाकेची घरात एक रीत होती: फुकट मारायची नाही. हाकेला आलेल्या मेंढराला चारा, पाणी नाहीतर निवारा मिळालाच पाहिजे.

मग टेकडीला तारेचं कुंपण पडलं. आत चितळं आली, दाराशी तिकिटाची खिडकी आली आणि शहरातले लोक पोहे-जिलेबी बांधून निसर्ग बघायला येऊ लागले. त्यांच्या निसर्गात मेंढरं तेवढी बसत नव्हती. मेंढरं रोपं खातात, चितळांना रोग लावतात, असं जंगलखात्याचे साहेब म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. पण जन्माची वाट बंद झाली हे मेंढरांना कोण सांगणार? फाटकावर चौकीदार हवा होता. संताजीच म्हणाला, "ती नोकरी घेऊन टाक दादा. घरात एक तरी पगार पाहिजे ना!"

एकदा तार वाकवून मेंढरं आत शिरली. मालोजीनं बाहेर जाऊन ओढ्याकाठी हाक मारली. सगळी मुकाट बाहेर आली, पाणी प्याली. साहेब बघतच राहिले. "वाह मालोजी भिया, कमाल है!"

पुढच्या वेळी मेंढरं शिरली तेव्हा साहेबांनी कोंडवाड्याचं दार उघडलं. "आवाज लगाओ."

संताजी तारेपलीकडे उभा होता. "दादा, नको ना," एवढंच म्हणाला.

नोकरीच्या भीतीनं मालोजीनं ते केलं म्हणावं, तर तेही नाही. मिल बंद पडली तेव्हापासून त्याला काही वाटायचंच बंद झालं होतं. कुणी सांगितलं की करायचं. त्यानं हाक मारली. घंटा बांधलेली म्हातारी मेंढी पुढे आणि मागे सगळा कळप, अशी सगळी धावत आत गेली. कडी लागली. मालोजी आपल्या स्टुलावर जाऊन बसला.

मेंढरं सोडवून संताजीनं ती विकून टाकली. म्हातारीला गिऱ्हाईक मिळालं नाही, ती दारात राहिली.

दिवाळीला मालोजी भावाकडे गेला. अंगणात उभं राहून, काही मनात नसताना, सवयीनं त्याच्या तोंडून हाक गेली. म्हातारी धडपडत उठली आणि घंटा वाजवत त्याच्या पायाशी आली. मालोजीचे दोन्ही हात रिकामे होते.

संताजीनं तिला ओढून खुंट्याला बांधलं. मालोजीकडे न बघताच तो म्हणाला, "आता हाक नको मारत जाऊ, दादा. तिला तुझं अजून खरं वाटतं."