शिंगाची खुर्ची

“शिंगवाला दारात उभा करा. पाहुणे आले की फुंकू दे,” प्राचार्य म्हणाले, आणि केरबांनी शिंग परत गोणपाटात गुंडाळायला घेतलं.

मी तेव्हा माधवनगरच्या गिरणी कामगारांच्या ब्रास बँडचा मास्तर होतो. लष्करी बँडमधून पेन्शनीत निघालेला, म्हणून आपल्याला संगीत कळतं असा समज. घरात तो समज माझ्या एकट्याचाच. विश्रामबागेतल्या कॉलेजच्या कार्यक्रमासाठी मी ट्रंपेट, युफोनियम अशा पितळी वाद्यांची नवी रचना केली होती. बायकोच्या मते ती गिरणीच्या भोंग्यावरून सुचलेली. रचनेच्या मधोमध जुनं शिंग वाजणार होतं. शिंग म्हणजे धातूचा लांब, वाकडा कर्णा. बटणं नाहीत, ओठांनीच सूर काढायचा. वाजवणारा मिळेना. अखेर वाईजवळच्या एका खेड्यात केरबा भेटले. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून त्यांच्या घरचं शिंग माळ्यावर पडून होतं. बँडमध्ये वाजवायचं, एवढ्या बोलीवर ते आले होते. तालमीला मात्र यायला जमलं नव्हतं.

आणि आता हे. शिंग गेलं तर माझ्या रचनेला मधोमध भोक. मी चुचकारायला गेलो.

“मास्तर,” ते शांतपणे म्हणाले, “माझा बा येशीवर उभा राहून वाजवायचा. वरात आत जायाची, बा भायेरच. म्हणून तर आमी ह्ये सोडलं. दारात न्हाई वाजवायचो.”

“मग कुठं?”

“तुमची मान्सं बसत्यात, तितं.”

मी प्राचार्यांना सांगितलं, आमच्या बँडमध्ये दारात फक्त चपला ठेवतात. ते हसले नाहीत, पण स्टेजवर एक खुर्ची वाढली. बँडचा जादा कोट केरबांना बाह्यांत आखूड झाला. तरी त्यांनी सगळी बटणं लावली.

बसल्यावर नवीच अडचण. शिंगाचा सूर आमच्यापेक्षा किंचित उतरलेला, आणि शिंग काही वर चढत नाही. आमच्या वाद्यांना मात्र आत-बाहेर सरकणारी नळी असते, ट्यूनिंग स्लाइड. ती बाहेर ओढली की सूर खाली येतो. मी सगळ्यांना ओढायला सांगितलं.

युफोनियमवाला कुरकुरला, “एका शिंगापायी आमी समद्यांनी खाली यायचं व्हय?”

“व्हय,” मी म्हणालो.

माझ्या रचनेबद्दल त्या दिवशी कुणी अवाक्षर काढलं नाही. शिंगाच्या टाळ्या मात्र थांबेनात. पाहुणे उभे राहिले, प्राचार्यही राहिले. केरबा उठले नाहीत. खुर्चीत ताठ बसून त्यांनी हात जोडले.

तेव्हापासून नवा वादक आला, की सूर मी नंतर लावतो. आधी खुर्ची लावतो.