वारं आणि रांजण
आज एक जुलै. रांजण घासायला घेतलाय आणि ओल्या मातीच्या वासानं अनसिंग गावातलं सासरचं घर आठवलं. सत्तरच्या दशकातला पावसाळा होता. शेजारणीच्या मुलाच्या पायावरून वारं गेलं, पोलिओला तेव्हा असंच म्हणत, आणि पाय लुळाच राहिला. आठवड्यात माझी दोन वर्षांची मुलगी तापली, पाय टेकवेना. "वारं लागन पोरीले," म्हणत सासूबाईंनी खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. कोंडलेल्या खोलीत मी सारखी तिच्या पायाचा तळवा खाजवून बघत होते. कधी बोटं हलत, कधी नाही. संध्याकाळी दवाखान्यातल्या नर्सबाई पोरीला बघायला आल्या, तेव्हा सासूबाईंनी पोरीची शी धुतलेला हात नुसता पदराला पुसला आणि पेल्यासकट रांजणात घातला. नर्सबाई ओरडल्या, "आजी, खिडक्या कायले बुजवता? हे वारं खिडकीतून नाई, अशा हातातून येते!" सासूबाई फणकारल्या, "मंग त्याले वारं काहून म्हन्तेत?" सकाळी ताप उतरला. पोरीला मी भुईवर उभं केलं. ती डगमगली, पण दोन्ही पायांवर उभी राहिली. मी रडत बसले नाही. रांजण पालथा करून घासला, पाणी काढायला त्याच्याशेजारी लांब दांड्याचं ओगराळं टांगलं, खिडकीतल्या चिंध्या उपसल्या आणि त्यातल्याच एकीत साबण बांधून मोरीवर लटकवला.