शुक्रवारी मिळणारी किल्ली

किल्लीताईंचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोबण. आत त्या बसल्या की गिऱ्हाइकाने बाहेरच उभं राहायचं. मागच्या भिंतीवर एक लांब फळी आणि तिच्या हुकांवर गल्लीतल्या घराघराची जादा किल्ली. कुणी किल्ली आत विसरून दार ओढून घेतलं की थेट ताईंकडे धाव. गल्लीत विसरभोळ्यांची काही कमी नव्हती, त्यामुळे फळीला विश्रांती नसे.

ताईंचा एक हट्ट मात्र सगळ्यांना छळायचा. किल्ली दहा मिनिटांत कापून व्हायची, पण हातात पडायची शुक्रवारी. गुरुवारी दुकानाला कुलूप. लोक कुरकुरत, तरी थांबत, कारण ताईंची किल्ली खिसा फाडत नसे. तिच्या कडा इतक्या मऊ घासलेल्या असत की बोट फिरवत राहावंसं वाटे. कुणी तसं बोलून दाखवलं की ताई नुसतं ‘हं’ म्हणत आणि कौतुक पदरात पाडून घेत.

त्या कडा त्यांनी घासलेल्या नसायच्याच. त्यांचा धाकटा भाऊ एकोणीस वर्षं मनोरुग्णालयात होता. गुरुवार हा भेटीचा वार. कापलेल्या किल्ल्या ताई पिशवीतून नेत आणि तो तिथल्या कामाच्या खोलीत बसून बारीक कानशीने कडा घासून देई. गल्लीत मात्र हा भाऊ ‘परगावी नोकरीला’ होता.

आता तो बरा होता. औषधं न चुकता घ्यायचा. डॉक्टर कधीपासून म्हणत होते, घरी न्या. पण घर म्हणजे दुकानावरची एक खोली आणि तीत अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. भावाचं मागणंही फार नव्हतं. वॉर्डाची दारं बाहेरून उघडत, कुणीही केव्हाही आत येई. त्याला एक खोली हवी होती, जिची किल्ली त्याच्याजवळ असेल.

आणि तशी खोली गल्लीच्या टोकालाच होणार होती. बंद पडलेल्या छापखान्यात बारा खोल्या निघणार होत्या, बरे झालेल्या पण जायला जागा नसलेल्यांसाठी, खाली मदतीला कायम एक माणूस. बातमी कळली आणि गल्लीत घबराट उडाली. निवृत्त मास्तरांनी आपल्या वळणदार अक्षरात विरोधाचा अर्ज लिहिला आणि पहिल्या सहीसाठी ताईंपुढे ठेवला, कारण ताईंचा शब्द गल्लीत चाले. दुकानापुढे चारजण उभे होते. नाही म्हणायला ताईंजवळ एकच कारण होतं आणि तेच त्यांनी आयुष्यभर झाकलं होतं. त्यांनी सही केली. खाली भराभर साठ सह्या पडल्या.

गुरुवारी भावाने विचारलं, खोलीचं काही कळलं का? ताई म्हणाल्या, बघू. परतताना बसमध्ये त्यांना रडू फुटलं. स्वतःचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. परवानगी देणाऱ्या अधिकारीबाई अर्ज घ्यायला आल्या होत्या. ताई पोहोचल्या त्या काखेत अख्खी फळी मारून, किल्ल्या खणखणवत. फळी टेबलावर ठेवून त्या उभ्याच राहिल्या.

“मास्तर, माझी सही खोडा. माझा भाऊ परगावी नाही, मनोरुग्णालयात आहे. एकोणीस वर्षं. तुमच्या किल्ल्या मी कापते, कडा तो घासतो. कौतुक तेवढं मी खाल्लं. इथल्या प्रत्येक दाराची किल्ली त्याच्या हातून गेलीय. आता ज्याला भीती वाटत असेल त्याने आपली घेऊन जावी.”

आधी दूधवाले उठले. मग आणखी चारजण. पाच हुक रिकामे झाले. मग मास्तर उठले. आता सगळी फळीच रिकामी होणार, असं ताईंना वाटलं. मास्तरांनी फळीला हात लावला नाही. खिशातून आपली किल्ली काढली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

“अर्ज माझ्या अक्षरात आहे,” ते म्हणाले, “तेव्हा खोडायचाही मीच.” आणि त्यांनी पहिल्या पानावर आडवी रेघ मारली, तीही वळणदार.

सगळे काही विरघळले नाहीत. सतराजणांनी नवा अर्ज दिला, पण परवानगी मिळाली. मास्तरांचे उपकार ताई मानतातच, पण त्या दिवशी जे नुसते खुर्चीला चिकटून बसले त्यांचेही मानतात. त्यातले निम्मे पंख्याखालची जागा जाईल म्हणून उठले नसतील, असं त्यांना वाटतं. असेना. किल्ल्या तर फळीवर राहिल्या.

बाराही कुलपं ताईंनीच बसवली. आपल्या खोलीची किल्ली भावाने स्वतः घासली, जादा किल्ली ताईंच्या हातात दिली आणि ताईंनी ती दूधवाल्यांच्या रिकाम्या हुकावर लावली.

पहिल्या गुरुवारी त्या भेटायला निघाल्या तेव्हा, असावी म्हणून, ती किल्ली खिशात टाकली. दारापाशी पोहोचल्यावर सवयीने ती हातातही आली. त्यांनी ती परत खिशात सरकवली आणि दार वाजवलं.

“कोण आहे?” आतून आवाज आला.

“मी. येऊ का?”

“थांब जरा. उघडतो.”

त्याने चांगली दोन मिनिटं लावली. ताई डोळे पुसत बाहेर उभ्या राहिल्या. त्याने आणखी तासभर लावला असता तरी त्या उभ्या राहिल्या असत्या.