इमानाचं वावर

माझी उमर परतवाड्यात दगड कोरण्यात गेली. आता मनगटं चालत नाहीत. पण वाईट काम ओळखायला मनगट लागत नाही.

चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावात जयवंताबाई झेंडू लावते. तिच्या शेताला लोक ‘इमानाचं वावर’ म्हणतात. वऱ्हाडात विमानाला इमान म्हणतात, हे शेंबडं पोरगंही सांगेल. मोठ्या लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे फौजेचं शिकाऊ विमान पडलं. चालवायला शिकणारा मुलगा एकटाच होता, तो जागीच मेला. जयवंताबाईचा आजेसासरा देवमन याने इंजिनावरचा पत्रा उचलून घरी नेला आणि ठोकून पराती केल्या.

पुढे गावाच्या इतिहासाचं पुस्तक निघालं. लिहिणारा अमरावतीहून आला. गाडीतून उतरला नाही, चहासुद्धा आतच मागवला. त्याने लिहिलं: देवमनला सोन्याची थैली सापडली, त्याने ती इमानाने परत केली, म्हणून हे इमानाचं वावर. गावाने टाळ्या वाजवल्या. फुकटचा मोठेपणा कोणाला नको?

जयवंताबाईने वाजवल्या नाहीत. निंदताना तिला नंबर ठोकलेली धातूची पट्टी सापडली होती. पट्टी पदराला बांधून ती एसटीने अकोल्याला गेली. तिथे ओमप्रकाश नावाचे गृहस्थ लढाईत पडलेल्या शिकाऊ विमानांचा शोध घेतात. त्यांच्या नोंदीत हे विमान पूर्णा नदीत बुडालं होतं. पट्टी पाहून त्यांनी लगेच नोंद बदलली नाही. ते स्वतः आले, भर उन्हात वावर तुडवलं, म्हाताऱ्यांना विचारलं, वितळलेल्या धातूचे गोळे उकरले. मगच नदी खोडून गावाचं नाव लिहिलं. याला काम म्हणतात.

इकडे ग्रामपंचायतीने त्या वावरात थैलीच्या गोष्टीचा दगड लावायचं ठरवलं. कोरायला मला सांगितलं; तेव्हा मनगटं अजून चालत होती. जयवंताबाई माझ्या ओट्यावर आली. मागोमाग तिचा नवरा खुशालराव.

“भाऊ, ‘इ’ काढा, ‘वि’ कोरा. अन् थे गोष्ट कोरूच नका.”

“आज्याले चोर ठरवतं काय?” खुशालराव ओरडला. “लोक आपल्याले परातीचोर म्हनतीन!”

“मंग? त्याच परातीत तुमची कनिक तिंबून राहिलो मी.”

“तुले काय करा लागते त्याचं? कोनाचा कोन थो!”

“त्या पोराच्या घरच्याईले नदी सांगतली. थो आपल्या वावरात मेला. थ्या जागेवर तरी खरं लिहा.”

ओरडा ऐकून सरपंच आला. त्याने तोडगा काढला. “काकू, इमान म्हना का विमान म्हना, एकच हाये.”

“एकच आहे तर ‘वि’ कोरतो,” मी म्हणालो.

एका अक्षरासाठी पंचायतीने काम माझ्याकडून काढून घेतलं. मग दगड अमरावतीला गेला. मशीनने अक्षरं कापली, उथळ. थैलीची गोष्टही कोरली.

ट्रॅक्टरवर दगड आला तेव्हा जयवंताबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभी होती. वावर तिच्या नावावर आहे. “खोटा दगड माह्या वावरात नाई,” ती म्हणाली. ट्रॅक्टर वळला.

आता तो दगड बसथांब्यावर आहे. खुशालराव दिवसभर त्याला टेकून बसतो आणि परक्यांना आज्याचं इमान सांगतो. परवा थैल्या दोन झाल्या. फुलांची टोपली घेऊन जयवंताबाई तिथेच बसची वाट पाहते.

“खोटं हाये थे,” ती त्याच परक्यांना सांगते. “इमान म्हन्जे विमान. पोरगं मेलं तिथं.”

ते दोघांकडे पाहतात. बस आली की चढतात.