कंट्रोलरसाहेबांचे तेरा तास

गुरुवारी सकाळी नवऱ्याला, वासुदेवरावांना, ऑपरेशनला आत नेतील आणि लेक ईरा तेव्हा सात समुद्रांपलीकडे परीक्षेचा अभ्यास करत असेल, ही धास्ती हर्षाच्या डोक्यातून काही केल्या जाईना. मंगळवारचा सकाळचा चहा गाळतानाही तिचे कान बैठकीकडे लागले होते. तिथे नवरा पेपर वाचत होता. पान उलटल्याचा आवाज थांबला की तिचा हातही थांबायचा.

हृदयाच्या तीन नसा बंद आहेत, हे वर्ध्याच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं होतं. निघताना ते हळूच हर्षाला म्हणाले, "मुलगी बाहेर असते ना? बोलावता आलं तर बघा." पण वासुदेवरावांनी बजावलं होतं, सगळं पार पडल्यावरच ईराला सांगायचं. मेलबर्नला तिची शेवटची परीक्षा तोंडावर होती.

वासुदेवराव मूळचे देवळीचे, किराणा दुकानदाराचा मुलगा. एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि पुलगाव बसस्थानकावर कंट्रोलर होऊन निवृत्त झाले. बावीस वर्षं खिडकीमागे बसून त्यांनी माणसांना वेळ सांगितली, पण बोर्डावरची वेळ जशीच्या तशी कधी सांगितली नाही. आर्वीला लग्नाला निघालेल्या बाईला म्हणायचे, "बोर्डावर एक तास हाय, तुम्ही दीड धरा. फाटक पडन, नाक्यावर गर्दी राहीन. अक्षता हुकल्या तं मलेच शिव्या द्याल." माणसं त्यांच्या शब्दावर घर सोडायची आणि वेळेत पोहोचायची.

हर्षाने चहा पुढे ठेवला. "अहो, ईराला यायचं झालं तर किती वेळ लागेल?"

"तेरा तास," पेपरातून वर न बघता ते म्हणाले. "मोबाइलवर पाह्यलं ना म्या. दहा हजार किलोमीटर, तेरा तास. दिल्लीले उतरली का आलीच समज."

"दिल्लीत आपलं घर नाही."

"तुले काऊन एवढी घाई सुटली? पोरगी काय पायी येऊन राह्यली? रातची बसली का सकाळी इथं चहाले हजर."

हर्षा बघतच राहिली. तीन तास आधी विमानतळ गाठायचा, दिल्लीत सात-आठ तास ताटकळायचं, मग नागपूरचं दोन तासांचं विमान, मग गाडीने दोन तास. तिने चारदा मोजलं होतं, दर वेळी अठ्ठावीस तास भरत होते. आर्वीच्या तासात अर्धा तास मिळवणाऱ्या माणसाला हे दिसत नव्हतं? तेवढ्यात त्यांनी कप उचलला. तो बशीवर इतका खडखडला, की त्यांनी तो तसाच खाली ठेवला.

न दिसायला काय झालं! खरे तास मोजले तर काही बरंवाईट झाल्यास पोरगी वेळेत पोहोचणार नाही, हे कबूल करावं लागलं असतं; ते मोजायची त्यांची हिंमत होत नव्हती.

"भीती वाटते का हो?"

"मले?" ते हसले. ते हसू अर्ध्यावरच विरलं. "एक सांगू? मले नळ्या लावलेलं तिनं पाहू नये."

"आणि तुम्हाला न पाहताच राहिली तर?"

त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

हर्षा मागच्या अंगणात आली. मेलबर्नला आता दुपार व्हायला आली असेल. आजचं विमान मिळालं, तरच ईरा उद्या संध्याकाळी बापाजवळ बसेल; उद्याचं धरलं तर फार उशीर. परीक्षा बुडेल, पोरगी हादरेल, नवरा अबोला धरेल. धरू दे. तिने ईराचा नंबर लावला.